कोंड्यातले पाच दिवस

व्यंकटी सोनकांबळे औषध पिऊन गेला, असं गावानं ठरवून टाकलं होतं. गावाला असलं काही ठरवायला वेळ लागत नाही. नांदेडच्या दवाखान्यात कागदावर विषबाधा लिहिली, पोलिसांनी येऊन जबाब घेतला, आणि तेवढ्यावर चहाच्या टपरीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. चार महिने टीबीच्या गोळ्या खाऊन माणूस कंटाळला, फवारणीचं काहीतरी हाताला लागलं, घेतलं. बिचारा. बिचारा म्हणताना लोक आवाज तेवढा खाली आणत, कान मात्र टवकारून असत.

बुद्धप्रियाला हे ऐकून संताप यायचा. आपल्या बाबांना ती ओळखत होती. कंधारच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते ते. एक दिवस घंटा चुकवली नाही, आणि आजारपणात एक गोळी चुकवली नाही. गोळ्यांच्या पाकिटांवर ते स्वतःच्या हातानं तारखा घालून ठेवायचे, अगदी दिवाळीपर्यंतच्या. मरायला निघालेला माणूस दिवाळीच्या तारखा कशाला घालील? पण मग विष आलं कुठून, हे तिलाही सांगता येत नव्हतं. घरात फवारणीची साधी रिकामी बाटलीसुद्धा नव्हती.

तिची माय, चांगुणा, रागवत नव्हती आणि रडतही नव्हती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि फोटोग्राफरकडून मोठा करून आणलेला नवऱ्याचा फोटो तिनं भिंतीवर लावूच दिला नाही. लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिला. बुद्धप्रियानं कारण विचारलं, तर म्हणाली, "राहू दे तिथंच. त्येन्लाच इथं राहायचं नव्हतं."

आता इथं गोगलगाईंचं सांगायला हवं.

बुद्धप्रियानं लातूरला राहून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली होती. नोकरीच्या मागं न लागता ती गावी परतली आणि लातूरच्याच एका कॉलेजच्या प्रकल्पात खाण्याच्या गोगलगाई पाळू लागली. घरामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडी खोकी, खोक्यांवर ओली गोणपाटं. खायला कोबीची, पपईची पानं आणि शंख टणक व्हावेत म्हणून कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांची पूड. गावाला हसायला फुकटची गंमत मिळाली. पावसाळा लागला की अख्खा तालुका सोयाबीनवरच्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि सोनकांबळ्यांची पोरगी त्यांना कोबी चारते! तिनं हसणाऱ्यांकडं लक्ष दिलं नाही. प्रत्येक गोगलगाईच्या शंखावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, वहीत मोजदाद ठेवली. त्यांनी ओल्या मातीत घातलेली साबुदाण्याएवढी पांढरी अंडीसुद्धा तिनं चमच्यानं उचलून तपासणीला पाठवली.

तपासणीचे दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं की मांसात प्रथिनं भरपूर, चरबी नावाला, लोह चांगलं, अंड्यांत कॅल्शियम. दुसऱ्यात लिहिलं होतं की शिसं, कॅडमियम वगैरे जड धातू मर्यादेत आहेत, पोट बिघडवणारे जंतू सापडले नाहीत, नीट उकळून खाण्यास योग्य. तो दुसरा कागद बुद्धप्रियानं दोनदा वाचला. गावातल्या महादेवीच्या बचत गटातल्या अकरा बायका त्याच कागदाची वाट पाहून होत्या. दिवाळीनंतर त्यांनाही अशाच शेड मिळायच्या होत्या. मंजुरी तेवढी बाकी होती.

पण खरी परीक्षा घरातच होती. बाबांनी ताट बाजूला सारलं होतं.

"आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तवा ताटातलं काय काय काढून फेकलं, तुला ठाऊक हाय का?" ते म्हणाले. "लोक म्हणायचे, ह्ये काय बी खातेत. ती म्हण पुसायला त्येची हयात गेली. अन् माझी लेक शिकून सवरून ताटात गोगलगाय आणून राहिली!"

बुद्धप्रियाला वाईट वाटलं, कारण त्यांचं खोटं नव्हतं. ती वाद घालत बसली नाही. दोन्ही कागद मराठीत करून तिनं त्यांना वाचून दाखवले. बाबांनी चष्मा लावून शिक्का पाहिला, सही पाहिली, कागद उजेडात धरून पाहिला. मग येसर मसाल्याच्या कालवणातल्या चार गोगलगाई खाल्ल्या आणि म्हणाले, "मटणाहून मऊ हाय की गं." त्या दिवशी त्या घरात जो आनंद झाला, तो बुद्धप्रियाला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

कालवण मायनंच केलं होतं. त्याआधी बुद्धप्रियानं तिला रीत शिकवली होती. लातूरच्या अधिकाऱ्यांसाठी तिनं या विषयावर चाळीस पानं लिहिली होती, तक्ते काढले होते. मायसाठी तिनं ते सगळं तीन वाक्यांत बसवलं. गोगलगाय जे खाते ते तिच्या पोटात राहतं. म्हणून पाच दिवस तिला नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवायचं, रोज धुवायचं. पाच दिवसांनी पोट साफ होतं, मग उकळून खायला हरकत नाही.

"म्हंजी उपास," माय म्हणाली.

"हाव, उपासच," बुद्धप्रिया हसून म्हणाली. मायला इतक्या लवकर समजलं याचं तिला कौतुक वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये प्रशिक्षणासाठी तिला आठ दिवस लातूरला जावं लागलं. बाबांचं तेव्हा अन्न तुटलं होतं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी वजन केलं तर काटा एकोणचाळीस किलोवर थांबला. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवायचे आणि पाण्याबरोबर ढकलायचे. डॉक्टर म्हणत होते, अंडी द्या, मांसमच्छी द्या, अंगात ताकद आली तर गोळ्या सोसतील. अंड्याचा वास त्यांना सहन होत नव्हता. निघताना बुद्धप्रियानं मायला बजावलं, "शेडमधल्या ठिपकेवाल्यांना हात लावू नको बरं का. एक जरी कमी भरली तरी मला जाब द्यावा लागतो." माय म्हणाली, "न्हाई लावत."

सातव्या दिवशी दुपारी मायचा फोन आला. बाबांना उलट्या होत होत्या, तोंडातून लाळ थांबत नव्हती, अंग झटके देत होतं. शेजारच्या शेताचे मालक शेषेराव यांनी स्वतःची जीप काढली आणि दोघांना नांदेडला नेलं. बुद्धप्रिया लातूरहून एसटीनं पोचली तोवर संध्याकाळ झाली होती. बाबांनी तिला पाहिलं की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

डॉक्टरांनी मायला विचारलं होतं, जेवणात काय होतं? माय म्हणाली, "भाकर अन् कालवण." कशाचं कालवण, ते ना त्यांनी विचारलं, ना हिनं सांगितलं.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी बुद्धप्रिया शेडमधली सडकी पानं टाकायला उकिरड्यावर गेली. कोंबड्यांनी एक बाजू उकरून ठेवली होती आणि तिथं शंख पडले होते. पंचवीस-तीस असतील. उकळून, आतलं काढून घेतलेले, स्वच्छ. तिनं एक उचलला, फिरवून पाहिला. ठिपका नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. एकावरही नव्हता. ती शेडमध्ये परत गेली आणि खोकी उघडून स्वतःच्या गोगलगाई मोजल्या. सगळ्या भरल्या, एकही कमी नव्हती. मोजणी बरोबर आली याचं इतकं दुःख कुणाला झालं नसेल. ती तिथंच ओल्या गोणपाटावर बसली.

कारण घरचा दीड एकर आणि शेषेरावांचं सोयाबीन यांच्यात एकच बांध होता. गोगलगाईंसाठी शेषेरावांनी गुळाच्या पाण्यात कीटकनाशक कालवून मुरमुरे भिजवले होते आणि पाटापाटानं टाकले होते. लपूनछपून नाही. घरोघर फिरून सांगितलं होतं, शेळ्या सोडू नका, कोंबड्या आवरा. मायनं कोंबड्या आवरल्या होत्या. बुद्धप्रियानंच लातूरहून फोनवर तिला आठवण करून दिली होती.

तीन दिवस ती गप्प राहिली. न सांगावं, तर मायला जन्मभर वाटत राहणार की नवरा आपल्याला टाकून गेला. सांगावं, तर तिला कळणार की तो आपल्याच हातचं खाऊन गेला. यातलं कोणतं हलकं, हे ठरवायचं तरी कसं? बुद्धप्रिया कोबी चिरायची, खोकी धुवायची, आणि मायच्या समोर यायचं टाळायची. आणखीही एक गोष्ट होती, ती मात्र तिनं स्वतःशीसुद्धा नीट बोलून पाहिली नाही. गोगलगाई खाऊन माणूस मेला, एवढंच वाक्य लातूरला पोचलं असतं तर ठिपका असलेल्या आणि नसलेल्या गोगलगाईंमधला फरक ऐकायला कुणी थांबलं नसतं.

चौथ्या दिवशी माय ओसरीवर ज्वारी निवडत होती. एकाएकी तिचा हात थांबला.

"बेचाळीस वर्सं झाली," ती म्हणाली. "भांडलो, उपाशी राहिलो, पर एकमेकाला न सांगता कंधारला बी गेलो न्हाई. अन् जाताना एक सबूद बोलले न्हाईत गं मला."

"माय—"

"त्या दिशी मागून खाल्लं त्येनी. लई दिसानं मागून खाल्लं. म्हणाले, वाढ अजून. मला वाटलं, आता माणूस बरा हुतंय. मी तिकडं भांडं निपटून राहिले, खूश होऊन राहिले, अन् त्येंच्या मनात त्या वक्ताला हे हुतं! माझ्याकडं बघून हसले बी हुते. मला फसवून कामून गेले असतील?"

याच्यापुढं बुद्धप्रियाला गप्प बसवलं नाही. ती मायच्या पुढ्यात बसली, सुपातले तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "माय, त्या गोगलगाई कुठल्या होत्या?"

मायनं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. लेकीच्या मोजलेल्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून तिनं बांधावरच्या वेचल्या होत्या. शेषेरावांच्या बाजूला पाऊलही टाकलं नव्हतं. औषध तिकडं होतं, तिला काय कळत नव्हतं? आपल्या बाजूच्या सागाच्या पानांखालच्या, त्याही चांगल्या चालत्याफिरत्या तेवढ्या घेतल्या. माठात कोंडा घालून पाच दिवस ठेवल्या. रोज धुतल्या. सहाव्या दिवशी मीठ-हळद लावून, तीन पाणी बदलून उकळल्या. सगळ्या त्यांनाच वाढल्या. तिनं फक्त भांडं भाकरीनं पुसून खाल्लं. नंतर तिलाही मळमळलं होतं, पण जीपमध्ये बसल्यावर आपल्याकडं बघायची शुद्ध कुणाला होती.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

मायनं मान खाली घातली. "शेषेराव उभे हुते तिथं. अजून धा माणसं हुती. त्येंच्या म्होरं कसं म्हणू, आमी गोगलगाई खाल्ल्या? तुझ्या बाबाला लाज वाटली असती."

मग बुद्धप्रियानं सांगितलं. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागत होता. गोगलगाय रात्रीतून त्या बाजूला जाते, मुरमुरे खाते आणि उन्हाआधी या बाजूच्या पानांखाली परत येते. जास्त खाल्लेली मरते, थोडं खाल्लेली चालत राहते. माती, पाला, घाण हे सगळं कोंड्यानं निघतं. विष पोटात राहत नाही, अंगात भिनतं. बाबांचं यकृत आधीच गोळ्यांनी थकलं होतं.

मायनं सूप बाजूला सारलं.

"म्हंजी त्येनी पेलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई, माय."

"मला टाकून गेले न्हाईत."

"न्हाई गं."

माय उठली ती थेट पेटीपाशी गेली. फोटो काढला, पदरानं पुसला, बुद्धमूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बाजूला स्वतः खिळा ठोकून लावला आणि त्याच्याखाली बसून पहिल्यांदा रडली. मोठमोठ्यानं, मोकळं. बुद्धप्रियाला वाटलं, बरं झालं सांगितलं. पण तो फार थोडा वेळ होता. रडता रडता मायचा आवाज आपोआप थांबला, कारण उरलेलं तिच्या आता लक्षात आलं होतं.

"किती दिस ठिवाय पायजे हुतं?" तिनं विचारलं. "सात? धा?"

"दिवसांचं नाही, माय. कितीही ठेवल्या असत्या तरी. मी तुला नुसतं पोट साफ होतं म्हणून सांगितलं. काय निघत नाही ते सांगितलंच नाही. चूक माझी आहे."

"तू कुठं म्हणली हुतीस बांधावरच्या खा म्हणून," माय म्हणाली आणि भाजी चिरायला उठली. जेवताना तिनं घास हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला.

रविवारी सकाळी विहारात वंदना होती. पन्नासेक माणसं जमली होती, बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. खोटं न बोलण्याचं शील मायनं इतरांबरोबर डोळे मिटून म्हटलं. वंदना संपून लोक उठू लागले तेव्हा ती उभी राहिली. चांगुणाबाई आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलल्या नव्हत्या, त्यामुळं उठलेले लोकही परत बसले.

"माझ्या मालकानं औषध घेतलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी समदे म्हणता, पर त्येनी घेतलं न्हाई. बांधावरच्या गोगलगाई मी वेचल्या, मी शिजवल्या, मी वाढल्या. त्येंच्यात विष हुतं. ते माझ्या हातचं खाऊन गेले. त्येंना भित्रा म्हणू नका. म्हणायचं ते मला म्हणा. अन् शेतातली गोगलगाय कुणी खाऊ नका, किती बी धुतली तरी."

कुणाचं तरी लेकरू रडलं, त्याला आईनं छातीशी धरलं. इतक्या दिवसांत आपण मायला काय समजत होतो, याची बुद्धप्रियाला लाज वाटली.

तेवढ्यात गटाची महादेवी बोलली. वाईट बाई नव्हती ती; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या अकरा बायका तिच्या आजूबाजूला बसल्या होत्या. "पर चांगुणाबाई, पाच दिस कोंड्यात ठिवलं की समदं निघून जातंय, हे तुमाला सांगितलं कुणी?"

मायनं बुद्धप्रियाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "माझ्याच डोस्क्यातलं. माझ्या लेकीनं तर हात लावू नको म्हणून बजावलं हुतं, मीच ऐकलं न्हाई."

शील म्हटल्याला अजून दहा मिनिटं झाली नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारात मायनं दुकानदाराला देखील खोटं सांगितलं नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या पोरीचं ऐकायला पाहिजे होतं. म्हातारी माणसं हट्टी असतात. महादेवीनं सुस्कारा सोडला आणि बुद्धप्रियाच्या पाठीवर धीराचा हात ठेवला.

बुद्धप्रियाला तेव्हा उठता आलं असतं. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, तेही तिचं घरात मायजवळ बोलून झालेलं. ती महादेवीचा हात पाठीवर घेऊन सतरंजीवर बसून राहिली, आणि माय एकटीच लोकांच्या मधून वाट काढत दाराकडं गेली.